ऐतिहासिक कादंबरी कशी वाचावी आणि कशी जोखावी

शिवजयंतीच्या आसपास फोनवर दरवर्षी एखादं देखणं वाक्य फिरत येतं. खाली महाराजांचं नाव असतं. थोडं शोधलं की ते एखाद्या कादंबरीच्या मधल्या प्रकरणातला संवाद निघतो. लेखकाने रात्री टेबलापाशी बसून लिहिलेला. आमच्या वाचक गटात एका सभासदाने असाच एक उतारा ‘महाराजांचं पत्र’ म्हणून वाचून दाखवला होता आणि निम्म्या लोकांचे डोळे पाणावले होते. त्याच गटात दुसरं टोकही आहे: “कादंबरीच ना? म्हणजे सगळं बनवलेलं,” असं म्हणून पुस्तक बाजूला सारणारे.

कुठलं वाक्य कागदावर आहे, कुठलं लेखकाने ताडलं आणि कुठलं नव्याने घडवलं, हे वेगळं करायची सवय यांपैकी कोणालाच नसते. ती कशी लावायची ते पुढे टप्प्याटप्प्याने देतो आहे. उदाहरणं मराठेशाहीची घेतली आहेत, कारण आपल्याकडे अशा कादंबऱ्यांतल्या बहुतेक याच काळावर आहेत. पद्धत मात्र कुठल्याही काळाला चालते.

## तयारी: पुस्तक उघडण्याआधी

चार गोष्टी जवळ ठेवा.

पहिली, एक वही. उभे तीन रकाने आखा आणि वर लिहा: नोंद, तर्क, कल्पना.

दुसरी, त्या काळावरचा एक भरवशाचा इतिहासग्रंथ. एकच पुरे. पेशवाईसाठी सरदेसाईंच्या ‘मराठी रियासत’चा संबंधित खंड, पानिपतासाठी शेजवलकर, शिवकाळासाठी गजानन मेहेंदळे. ग्रंथ संपूर्ण वाचायची गरज नाही. शेवटची सूची वापरता आली म्हणजे झालं.

तिसरी, नकाशा. फोनवरचा चालेल, पण त्यावर दिसणारे रस्ते आजचे आहेत हे ध्यानात असू द्या.

चौथी, शकाचं साधं गणित. शक अधिक ७८ म्हणजे इसवी सन. पौषाच्या आसपास जानेवारी लागतो, तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. शिवजन्म फाल्गुन शके १५५१ चा, कोंढाणा माघ शके १५९१ चा, पानिपत पौष शके १६८२ चं. तिन्ही ठिकाणी सवयीने ७८ मिळवलेत तर वर्ष एकाने चुकतं, आणि मग वाचक लेखकाला धारेवर धरतात.

सावधान: दुसरी कादंबरी हा संदर्भ नव्हे. सिनेमा आणि मालिका तर नाहीच. एका लेखकाने कल्पिलेला प्रसंग दुसऱ्याने उचलला, तिसऱ्याने पडद्यावर आणला, की तो तीन ठिकाणी सापडतो आणि वाचकाला वाटतं, तीन पुरावे मिळाले.

## टप्पा १: पुस्तकाचं साल बघा

हा टप्पा सगळ्यात जास्त वाचक गाळतात. हातातली प्रत पंचविसाव्या आवृत्तीची असते आणि तिच्यावरचं साल ताजं असतं. तुम्हाला हवं आहे पहिल्या आवृत्तीचं साल. ते शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सापडेल.

हे साल का लागतं? लेखकाच्या हाताशी त्या वेळी कोणते कागद होते, ते त्यावरून कळतं. शिवजन्माचीच गोष्ट घ्या. पूर्वी वैशाख १६२७ ही तिथी मानली जात असे. टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंद) १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. त्यातून आजची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आली. त्याआधीच्या लेखकाने १६२७ लिहिलं असेल तर त्याच्या नावावर चूक मांडता येत नाही. आजच्या लेखकाने विचार न करता तेच लिहिलं, तर मांडता येते.

संभाजी महाराजांच्या बाबतीत हे जास्त ठळक दिसतं. जुन्या कथा-नाटकांतले संभाजी व्यसनी आणि उतावळे आहेत. हे चित्र मोठ्या प्रमाणावर मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीवर उभं होतं. बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे प्रसंगांनंतर सव्वाशे वर्षांनी, आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. पुढे वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० मध्ये आलं, कमल गोखले यांचं संशोधन आलं आणि चित्र पालटलं. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची, म्हणजे या संशोधनानंतरची. म्हणून १९२० च्या कादंबरीतले संभाजी आणि १९७९ च्या कादंबरीतले संभाजी शेजारी ठेवून “कोणता लेखक खोटारडा?” असं विचारू नका. कोणाच्या टेबलावर काय होतं, ते विचारा.

पडताळा: वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या आवृत्तीचं साल लिहिलंत का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पहिलं वाचन, पेन्सिलीशिवाय

पूर्ण पुस्तक एकदा गोष्ट म्हणून वाचा. खुणा नाहीत, शोधाशोध नाही. प्रस्तावनाही नंतरसाठी ठेवा. नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. ते आधी वाचलं की कादंबरीभर आपण कुरुंदकरांच्याच नजरेने पाहत राहतो. पत्र थोर आहे, म्हणूनच ते शेवटी वाचा.

या वाचनात एवढंच टिपा: कुठे गुंतलात, कुठे पानं उलटलीत, कुठे घसा दाटला. पान क्रमांक पुरे. घसा दाटलेली पानं पुढे उपयोगी पडतात, कारण लेखकाने जास्तीत जास्त कल्पना बहुधा तिथेच ओतलेली असते.

## टप्पा ३: तीन प्रकरणं निवडा

सगळं पुस्तक तपासायला बसलात तर पन्नासाव्या पानावर वही कपाटात जाईल. तीनच प्रकरणं घ्या: एक लढाईचं, एक दरबाराचं किंवा मसलतीचं, एक घरातलं. लढाईला कागद जास्त असतात, मसलतीला थोडे आणि माजघराला जवळजवळ नाहीत. त्यामुळे लेखकाचे तीन वेगवेगळे हात दिसतात.

## टप्पा ४: तीन रकाने भरा

हे मन लावून करायचं काम आहे. कोंढाण्याचा प्रसंग घेऊन करून दाखवतो, कारण तो सगळ्यांना पाठ असतो आणि म्हणूनच फसवतो.

समजा कादंबरीत एवढं आहे: रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तानाजी येतात, ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ म्हणतात, घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढतात, उदेभानाशी झुंज होते, तानाजी पडतात, महाराज म्हणतात ‘गड आला पण सिंह गेला’, आणि गडाला सिंहगड नाव मिळतं.

आता एकेक तुकडा घ्या.

तानाजी मालुसरे, उदेभान, रात्रीची चढाई, तानाजींचं पडणं आणि गड हाती येणं: नोंद. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. लिहिणारा शिवकाळ पाहिलेला माणूस. त्याच्याकडे हे सगळं आहे.

घोरपड: सभासदाकडे नाही. तिथे निवडक मावळे वानरासारखे कडा चढून जातात आणि मग माळ, म्हणजे दोराची शिडी, लावून बाकीच्यांना वर घेतात. घोरपड येते पोवाड्यातून. रायबाचं लग्नही तिथूनच. हे कल्पना रकान्यात, पण बाजूला लिहा ‘लोकपरंपरा’, कारण ही कल्पना कादंबरीकाराची नाही. त्याच्या आधी अनेक पिढ्या ती डफावर गायली गेली आहे.

‘गड आला पण सिंह गेला’: सभासदाकडे वाक्य आहे ते असं: “एक गड घेतला, परंतु एक गड गेला.” सिंह तिथे नाही. आपल्या तोंडी बसलेलं वाक्य घट्ट झालं ते हरिभाऊ आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीमुळे. मला विचाराल तर सभासदाचं वाक्य जास्त चटका लावतं. माणसालाच गड म्हटलंय त्यात.

सिंहगड हे नाव: गड घेतला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, पण हे नाव १६६३ च्या शिवकालीन पत्रात आधीच आढळतं. म्हणजे नामकरणाचा प्रसंग नोंदीच्या विरुद्ध जातो.

आणि चढाईच्या आधी कड्याखाली तानाजींच्या मनात काय चाललं होतं, त्याची तीन पानं? घटना खरी, माणूस खरा, भीती संभाव्य. हे तर्क आणि कल्पना यांच्या सीमेवरचं. सीमेवरच लिहून ठेवा, रकाना ठरवायची घाई नको.

म्हणजे कल्पनेच्या रकान्यात दोन जाती निघाल्या. एक, कागद गप्प आहेत तिथे लेखक बोलला. दुसरी, कागद बोलत असताना लेखकाने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पहिली हा कादंबरीकाराचा हक्क आहे, तिच्यासाठीच आपण कादंबरी वाचतो. दुसरीसाठी त्याच्याकडे सबळ कारण असायला हवं, आणि ते प्रस्तावनेत किंवा परिशिष्टात सांगितलं असेल तर त्याच्या प्रामाणिकपणाला गुण द्या. प्रस्तावना उघडायची वेळ आता आली.

सावधान: ‘बखरीत आहे’ म्हणजे खरं, असं नाही. ‘बखरीत नाही’ म्हणजे खोटं, असंही नाही. त्या वेळच्या पत्राचं वजन जास्त, मग प्रसंग पाहिलेल्याची आठवण, मग शंभर वर्षांनंतरची बखर, मग पोवाडा आणि दंतकथा. पण पत्र लिहिणाऱ्यालाही धन्याला खूश करायचं असतं आणि स्वतःचा पराभव लपवायचा असतो. एकच माप घेऊन बसू नका.

## टप्पा ५: वेळ, चंद्र आणि पाय

इथे घरबसल्या बरंच पकडता येतं, आणि मजाही येते.

चंद्र. तिथी ठाऊक असेल तर उजेड ठाऊक असतो. कोंढाणा माघ वद्य नवमीचा. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. पूर्वरात्रीच्या चढाईवर लेखकाने टिपूर चांदणं सांडलं असेल, तर त्याने पंचांग उघडलेलं नाही. उलट पन्हाळ्याची सुटका आषाढ पौर्णिमेच्या सुमाराची, तिथे अंधार हवा असेल तर तो ढगांनीच आणावा लागतो. चांगला लेखक तो आणतो, पावसासकट.

अंतर. मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघालेली सदाशिवराव भाऊसाहेबांची फौज दिल्लीत पोचली ऑगस्टात. बरोबर बुणगे (न लढणारी माणसं), यात्रेकरू, तोफा. पानिपतच्या १४ जानेवारी १७६१ च्या संहाराची बातमी नानासाहेबांना माळव्यात कळली दहा दिवसांनी. कादंबरीत जासूद पानिपताहून तिसऱ्या दिवशी पुण्यात हजर होत असेल, तर नकाशा काढा.

घड्याळ. एक घटका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचं, एक प्रहर तीन तासांचा. निवेदक ‘पाच मिनिटांत’ म्हणाला तर चालतं, तो आपल्या काळातून बोलतो आहे. हेच मावळ्याने म्हटलं तर खटकतं. पात्राचं बोलणं आणि निवेदकाचं बोलणं वेगळं धरायची सवय इथूनच लावा.

ताट आणि चूल. सतराव्या शतकात चहाचा कप किंवा काड्यापेटी आली तर लाल रेघ मारा. पण घाई दोन्हीकडून होते. “मिरची? शिवकाळात?” म्हणून एकाने आमच्या गटात पुस्तकच बाद ठरवलं होतं. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच किनाऱ्याला लागली होती.

तारखा. इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ पर्यंत स्वीकारलं नव्हतं, पोर्तुगीज १५८२ पासून त्यावर होते. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना सुरतेच्या इंग्रजी कागदात आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात दहा दिवसांच्या फरकाने दिसते. दोन पुस्तकांत बरोबर दहा दिवसांचा फरक दिसला तर भांडू नका, दोन्ही बरोबर असू शकतात.

पडताळा: आतापर्यंत तुमच्या वहीत फक्त चुकाच जमा होत असतील, तर थांबा. लेखकाने चंद्र, पाऊस, अंतर कुठे बरोबर सांभाळलंय तेही लिहा.

## टप्पा ६: भाषा आणि बिरुदं

‘त्या काळची अस्सल भाषा’ हे कौतुक बहुतेक वेळा चुकीचं असतं. शिवकाळातली पत्रं उघडा: फारसी शब्दांनी ओतप्रोत. ते कमी करावेत म्हणून महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, यावरूनच व्यवहारात ते किती होते ते कळतं. आपल्या कादंबऱ्यांतली ‘आम्हांस हे मान्य नाही’ छापाची संस्कृतप्रचुर भाषा ही लेखकांनी घडवलेली आहे. घडवायला हरकत नाही, खरी भाषा वापरली तर दुसऱ्या पानावर आपण अडकू. म्हणून भाषा अस्सल आहे का हे न विचारता ती एकसुरात टिकते का, हे बघा. शेतकरी, कारकून आणि राणी एकाच थाटात बोलत असतील तर ते कच्चं लेखन आहे.

बिरुदांची एक नेमकी कसोटी आहे. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. त्याआधीच्या प्रसंगात पात्रांच्या तोंडी ‘छत्रपती’ नको. त्याच सुमाराला अधिकाऱ्यांची नावंही फारसीतून संस्कृतात आली: सरनौबताचा सेनापती झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. १६६० च्या मसलतीत कोणी ‘सेनापती’ अशी हाक मारत असेल तर लेखकाने पुढचं मागे आणलंय.

शब्दांपेक्षा कल्पना उसन्या असतील तर जास्त गंभीर. सतराव्या शतकातला माणूस इमान, वतन, मीठ, धर्म, धनी अशा शब्दांतून विचार करतो. तो आजच्या संपादकीयासारखा बोलू लागला की समजा, लेखक आपल्याशी बोलतो आहे.

## टप्पा ७: माणसं

तारखा सगळ्या बरोबर आणि कादंबरी मेलेली, असंही होतं. म्हणून हा टप्पा तपासणीच्या शेवटी, पण वजनाने सगळ्यांत मोठा.

पहिला प्रश्न: पात्रांना पुढचं माहीत आहे का? १७६० च्या ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर मराठी छावणीत जल्लोष होता. त्या रात्री भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर लेखकाने पानिपतची सावली टाकली असेल, तर ती लेखकाच्या दिव्याची आहे. पात्राला त्याच्या आजच्या अंधारात उभं ठेवणं अवघड असतं. ज्याला ते जमतं त्याला भरभरून गुण द्या.

दुसरा: शत्रूला डोकं आहे का? अफझलखान नुसता गडगडाटी हसणारा, औरंगजेब नुसता माळ ओढणारा, पानिपतावरचा रोहिला सरदार नजीब नुसता कपटी असेल, तर नायकाची जीत स्वस्त होते. शत्रूच्या गोटातलं एक तरी पान असं हवं की ते वाचताना त्याचं म्हणणं पटावं.

तिसरा: दोष एकाच बाईवर ढकललाय का? नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. ‘ध चा मा’ आनंदीबाईंच्या नावावर इतका घट्ट बसलाय की राघोबादादा अनेक कथांत जवळजवळ निर्दोष सुटतात. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवलं ते मात्र दादांना. हा प्रसंग असलेल्या कादंबरीत दादांच्या वाट्याला किती पानं येतात आणि आनंदीबाईंच्या, ते मोजा. लेखकाचा कल लगेच कळतो.

चौथा, टप्पा २ मधली घसा दाटलेली पानं आता उघडा. तिथे प्रसंगानेच रडवलं, की विशेषणांनी? विशेषणं मनातल्या मनात खोडून पुन्हा वाचा. घसा तरीही दाटला तर लेखक खरा.

सावधान: नायकाला महापुरुष दाखवलं म्हणून कादंबरी चांगली आणि माणूस दाखवलं म्हणून वाईट, हा निकष वापरू नका. भावना दुखावणं हे वाचकाचं खरं दुःख असतं, पण ते वहीत वेगळ्या पानावर लिहा.

## टप्पा ८: मत लिहिणं

दोन परिच्छेद, वेगवेगळे. पहिला इतिहासाशी असलेल्या इमानाबद्दल: नोंद किती सांभाळली, गप्प जागा कशा भरल्या, कागदाच्या विरुद्ध कुठे गेला, आणि ते सांगितलं का. दुसरा कादंबरी म्हणून: माणसं, रचना, भाषा, तुम्ही गुंतलात का. मग हवं तर तिसरा, जिथे दोन्हींची गाठ पडते. एका परिच्छेदाचे गुण दुसऱ्यात टाकू नका. इतिहासात काठावर पास आणि कादंबरी म्हणून अव्वल, असा निकाल अगदी रास्त आहे. उलटाही.

मत पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. ‘इतिहासात असं नव्हतं’ हे वाक्य जिथे जिथे लिहिलंत, तिथे समोर ग्रंथाचं नाव आणि पान आहे का? नसेल तर ‘मला सापडलं नाही’ असं करा. उद्धृत केलेल्या प्रत्येक संवादाखाली पात्राच्या नावाच्या जोडीने कादंबरीकाराचं नाव लिहिलंत का? आणि टप्पा १ मधलं साल पहिल्या दोन ओळींत आलं का?